बरकतीचे माप

मराठी घरात ‘बरकत’ हा शब्द किती सहज येतो पाहा! “तिच्या हाताला बरकत आहे,” “हल्ली पैशाला बरकतच राहिली नाही,” “घरात बरकत असू दे रे देवा,” असे आपण दिवसातून दहादा म्हणतो. पगार पूर्वीपेक्षा जास्त येतो, तरी पंचवीस तारखेला डबे खडखडू लागतात. आणि आजीच्या वेळी घरची दहा माणसे जेवून वर दारचा पाहुणाही जेवून जात असे. हे कोडे आपण ह्या एका शब्दाने सोडवतो. पूर्वी खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, काही ठिकाणी ‘बरकत’ म्हणत, आणि मग दोन, तीन अशी मोजणी पुढे चाले. पहिले माप मोजायचे नाही, ते देवाचे म्हणून नमस्कार करून घ्यायचे. केवढी शहाणी रीत!

हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. बायबलचा जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यात आशीर्वादाला ‘ब्राखा’ म्हणतात. तो शब्द आणि आपली बरकत एकाच मुळापासून निघालेली. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी अब्राहामाला देवाने जे दिले आणि आज आपण पिठाच्या डब्यात हात घालताना जे मागतो, त्याचे नाव एकच आहे म्हणायचे.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण तोंडी अजून ‘नगर’च येते.) बी. ए. झाले, लग्न झाले, दोन मुले झाली, आणि आता एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. तासिकेवर म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी अशी शिक्षिका आहे त्यांना सांगायला नको. जेवढे तास, तेवढे पैसे. दिवाळीची सुट्टी बिनपगारी आणि मे महिना तर कोरडा ठणठणीत. आमचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. तेव्हा देव देतो म्हणजे नक्की काय देतो, किती देतो आणि कसे घ्यायचे, हे प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातले नाहीत, वाण्याच्या यादीतले आहेत.

त्यात गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेच हे लिहायला बसले.

आमच्या गावी तीन रात्री सभा झाल्या. बाहेरगावचे उपदेशक, मोठा मंडप, सुरेख गाणी. शेवटच्या रात्री लोकांनी साक्षी दिल्या. कोणाला देवाने बंगला दिला होता, कोणाच्या मुलाला परदेशी नोकरी दिली होती. ऐकून बरेच वाटत होते. दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानावा असे आम्हांला लहानपणापासून शिकवले आहे. मग उपदेशक बोलायला उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की ज्याची श्रद्धा पुरी, त्याला देव भरभरून देतो. ज्याच्या घरी अजून आजारपण, कर्ज, टंचाई आहे, त्याने आपल्या श्रद्धेला कुठे भोक पडले आहे ते शोधावे. आणि ऐपतीबाहेर दान टाकून पाहावे, म्हणजे ते कैकपटींनी परत येते.

माझ्या शेजारी मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या. भाऊजींना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणाला खिळलेले. जाऊबाई पहाटे चारला उठतात, त्यांचे अंग पुसणे, कपडे, खाणेपिणे सगळे उरकतात आणि मग चार घरी पोळ्या करायला जातात. सभेहून परतताना त्या वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. पायरीवर चपला काढता काढता हळूच म्हणाल्या, “का गं, म्हणजे माझीच श्रद्धा कमी पडली म्हणायची?”

तव्यावर बोटाला चटका बसावा तसे मला झाले.

पुढे त्यांनी महिला मंडळाला येणे बंद केले. मंडळातर्फे त्यांच्याकडे महिन्याला थोडे धान्य जात असे, तेही त्यांनी परत पाठवले. “मला काही कमी नाही,” असा निरोप. कारण उघड होते. घरातली उणीव म्हणजे श्रद्धेतली उणीव, असे एकदा ठरले की मदत घेणे म्हणजे चारचौघांत पापाची कबुली देण्यासारखेच! एक शिकवण माणसाला किती एकटे पाडू शकते ते मी तेव्हा पाहिले.

आता तुम्ही म्हणाल, हा तुमच्या धर्मातला घरगुती प्रश्न, आम्हांला त्याचे काय? पण “काय पाप केले होते म्हणून हे नशिबी आले” हे वाक्य कुठल्या वाड्यात, कुठल्या चाळीत ऐकू येत नाही सांगा पाहू! मूल नसलेल्या बाईला, अकाली विधवा झालेल्या बाईला, अधू लेकराच्या आईला ते कधी तोंडावर ऐकावे लागते, कधी पाठीमागे. शब्द वेगळे असतील, टोचणी तीच.

आमच्यातल्या ह्या शिकवणीला ‘समृद्धीची सुवार्ता’ म्हणतात. गेल्या शतकात ती अमेरिकेत फोफावली. ओरल रॉबर्ट्स (१९१८–२००९) नावाच्या उपदेशकांनी ‘श्रद्धेचे बीज’ ही कल्पना तिथे लोकप्रिय केली. देवाच्या कामाला पैसे द्या, ते पेरल्यासारखे आहे, पीक तुमच्या घरी येईल, असा तिचा सारांश. पुढे ती आफ्रिकेत पसरली, आपल्याकडेही आली. मात्र सगळ्या ख्रिस्ती लोकांना ती मान्य आहे असे समजू नका. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जवळजवळ दोनशे देशांतले ख्रिस्ती प्रतिनिधी जमले होते. त्यांनी आपल्या जाहीरनाम्यात ही शिकवण बायबलला धरून नाही असे स्पष्ट म्हटले आहे. देव आशीर्वाद देतो, बरेही करतो, हे त्यांनी नाकारले नाही; पण पैसा आणि प्रकृती हे श्रद्धा मोजायचे माप नव्हे, असे सांगितले.

जाऊबाईंना केपटाऊनचा जाहीरनामा सांगून काय उपयोग! मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, त्यांच्याबरोबर लसूण सोलत बसले, आणि त्यांना माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा काढली. सारफथच्या विधवेची.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ती ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगते. देशात दुष्काळ पडलेला. एलीया नावाचा संदेष्टा भुकेला, तहानेला सारफथ गावाच्या वेशीशी येतो. तिथे एक विधवा काटक्या गोळा करीत असते. तो तिच्याकडे पाणी मागतो, मग भाकर मागतो. ती म्हणते, घरात मूठभर पीठ आणि जरासे तेल उरले आहे. माझ्यापुरते आणि लेकापुरते करणार, ते खाणार आणि मग मरणाची वाट पाहणार. एलीया म्हणतो, आधी मला एक लहानशी भाकर कर, मग तुमच्यासाठी कर. ती करते. आणि पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातले पीठ सरत नाही, कुपीतले तेल आटत नाही.

चर्चमध्ये ही गोष्ट बहुधा इथे थांबते. पण बायबलमध्ये ती थांबत नाही. पुढे त्याच घरात त्या बाईचा मुलगा आजारी पडतो आणि त्याचा श्वास थांबतो. जिच्या घरी रोज चमत्कार होत होता, त्याच घरी! तेव्हा ती एलीयाला विचारते की, तू माझ्या पापाची आठवण करून द्यायला आणि माझ्या लेकराला मारायला आलास का?

जाऊबाईंचे हात थांबले. “तिनंही हेच विचारलं?”

“हेच विचारलं, ताई.”

“मग तो काय म्हणाला?”

एलीया तिला पाप शोधायला सांगत नाही, श्रद्धेतले भोक बघ म्हणत नाही. तो म्हणतो, मूल माझ्याकडे दे. तिच्या कुशीतून ते उचलून घेतो, माडीवर नेतो आणि देवापाशी तिच्या वतीने आक्रोश करतो. ते मूल जिवंत झाले अशी ती कथा आहे. पण माझे मन नेहमी त्याच्या आधीच्या क्षणाशी अडते. दुःखी बाईने जीव तोडून विचारलेल्या प्रश्नावर देवाच्या माणसाने आरोप केला नाही, ओझे उचलून घेतले.

प्रभू येशूच्या शिष्यांनीही एकदा असेच विचारले होते. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसला, तेव्हा पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? येशूने दोन्हींना ‘नाही’ म्हटले. जुन्या करारातल्या ईयोबाचे मित्र तर त्याचे पाप शोधता शोधता थकले, आणि शेवटी देवाने ठपका ठेवला तो त्या मित्रांवर. इतके स्पष्ट लिहून ठेवलेले असताना आपण पुन्हा पुन्हा तीच चौकशी करीत बसतो!

मग आशीर्वाद म्हणजे तरी काय? आमच्या उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब दोन्ही हात वर करून जो आशीर्वाद देतात, तो फार जुना आहे. १९७९ साली यरुशलेमजवळ एका प्राचीन थडग्यात चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. ताईत म्हणून गळ्यात घालीत असाव्यात, अशा. पत्रा इतका नाजूक की तो न मोडता उलगडायला तीन वर्षे लागली. उलगडून पाहतात तो आत हाच आशीर्वाद कोरलेला! जवळजवळ सव्वीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात काय मागितले आहे? देवाने तुला सांभाळावे, त्याचे मुख तुझ्याकडे असावे, आणि तुला शांती मिळावी. बंगला नाही, बढती नाही. देवाने आपल्याकडे तोंड फिरवून पाहावे, एवढेच. तान्ह्या मुलाला आईचे तोंड आपल्याकडे वळलेले दिसले की ते रडायचे थांबते ना, तसे. भाऊजींच्या खाटेपाशी पहाटे चारला दिवा लागतो, तिथेही ते मुख वळलेले असेल ह्यात मला शंका नाही.

“म्हणजे पोटापाण्याचे मागूच नये की काय?” असे तुम्ही विचाराल. छे! अवश्य मागावे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहेच. पण शब्द नीट पाहा. भाकर ‘माझी’ नाही, ‘आमची’ आहे. आणि वर्षाची नाही, आजची आहे.

इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात होते, तेव्हा देव त्यांना रोज पहाटे मान्ना देत असे. प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरावीक माप, गोळा करायचे. कोणी हावरटपणे जास्त गोळा केला, कोणाला कमी मिळाला; पण मोजून पाहिले तर जास्तवाल्याकडे उरला नाही आणि कमीवाल्याला उणा पडला नाही. ज्यांनी सकाळपर्यंत साठवून ठेवला, त्याच्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा, आणि तो मात्र टिके.

मैत्रिणींनो, तासिकेच्या बाईला ही गोष्ट वेगळी उलगडून सांगावी लागत नाही! मार्चमध्ये हातात पैसे असतात तेव्हा मेची तरतूद करून ठेवणे म्हणजे आदल्या दिवशीचे दुप्पट माप. तो संसार झाला, हावरेपणा नव्हे. आमच्या ह्यांचा कारखान्यातला पगार एकदा सात महिने थकला होता. तेव्हा मी वहीत रोज रात्री एकच ओळ लिहीत असे : आज काय आले. शेजारणीने शेवग्याच्या शेंगा दिल्या, लिहिले. सासूबाईंची औषधे संपायच्या आत शिकवणीचे पैसे आले, लिहिले. एक दिवस काहीच आले नाही. तेव्हा धाकट्याचा ताप उतरला, ते लिहिले. सात महिन्यांनी वही चाळली. श्रीमंती कुठेच नव्हती, पण दोनशेहून जास्त ओळी होत्या आणि एकही दिवस कोरा नव्हता. देवाने आम्हांला गोदाम दिले नाही, माप दिले. ते रोज भरले.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना ह्याच मान्नाचा दाखला दिला आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करायची होती. तो म्हणतो, तुमच्या भरपुरीतून त्यांची उणीव भरून निघावी, आणि पुढे कधी त्यांच्या भरपुरीतून तुमची. म्हणजे सारखेपणा राहील. रानात ते काम देवाने स्वतः केले. गावात ते त्याने आपल्यावर सोपवले आहे. अब्राहामालाही आशीर्वाद मिळाला तो त्याने इतरांसाठी आशीर्वाद व्हावे म्हणून. बरकत घरात शिरते ती पुढच्या घरी जायच्या वाटेवर. मध्येच अडवून ठेवली की तिच्यात मान्नासारखे किडे पडतात.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य आठवा. १८५८ सालचा जन्म. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उपाशीतापाशी पायी देशभर फिरले. पुढे भाऊ गेला. १८८० साली लग्न झाले आणि दोन वर्षांत पतीही गेले. पदरी एक तान्ही मुलगी. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि भुकेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात केडगावला त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले, तिथे पुढे शेकडो मुली-बायका जेवल्या, शिकल्या, विणकाम आणि छपाईसारखी कामे करू लागल्या. त्या संस्थेचे काम आजही चालू आहे. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली गेली, आणि पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. इतकी माणसे डोळ्यांदेखत गेलेल्या ह्या बाईची श्रद्धा कमी होती, असे म्हणायची कोणाची छाती आहे? उपाशी मुलीचे पोट काय मागते हे त्यांना ठाऊक होते. जे दुःख त्यांच्या वाट्याला आले, त्यातूनच दुसऱ्यांच्या वाट्याची भाकर निघाली.

एवढे मोठे काम आपल्याच्याने होणार नाही, पण मूठभर तर होईल? मिझोरममधल्या ख्रिस्ती बायकांची एक रीत आहे, ‘बुहफाई थम’. अर्थ, मूठभर तांदूळ. स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी त्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची. आठवड्याने सगळ्या घरांचे तांदूळ एकत्र करायचे, विकायचे, आणि ते पैसे चर्चच्या कामाला द्यायचे. १९१० साली हे सुरू झाले, तेव्हा तिथल्या बायकांच्या हाती रोख पैसा नव्हताच. अजूनही ती रीत चालू आहे. भांड्यातून एक मूठ गेली म्हणून कोणी उपाशी राहत नाही, आणि अनेक घरांच्या मुठी एकत्र आल्या की पोते भरते.

आमच्या सासूबाईंना मिझोरम माहीत नाही, पण त्यांच्याकडे एक जुना पत्र्याचा डबा आहे. भाकरीचे पीठ परातीत घेतले की त्यातली मूठभर त्या डब्यात. महिन्याअखेर ते पीठ कोणाच्या तरी घरी जाते. मी एकदा विचारले, “आई, ओढाताणीच्या महिन्यात तरी राहू द्यावं ना?” तर म्हणाल्या, “अगं, ओढाताणीच्या महिन्यातच ठेवायचं. भरल्या घरातून कोणीही देईल.” देवळाच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेबद्दल येशू जे बोलला, ते त्यांनी असे पिठात मळून टाकले आहे.

आता एक शेवटची गोष्ट, घेण्याची. द्यायला आपण शिकतो, घ्यायला कोणी शिकवत नाही. विशेषतः आपण बायका! कोणी डबा पाठवला तर तो रिकामा कसा परत करू, हीच आधी चिंता. पण बायबलमध्ये मोठमोठी माणसे घेताना दिसतात. एलीयाने गरीब विधवेच्या हातची भाकर घेतली. रूथ परक्या देशात सासूला घेऊन आली आणि दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसे वेचून दोघींचे पोट भरू लागली. मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलेच होते की शेताच्या कडेचे पीक कापू नये, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये. ती गरिबांची, विधवांची, परक्यांची. म्हणजे रूथ भीक घेत नव्हती, देवाने तिच्यासाठी राखून ठेवलेले घेत होती. हातात दुसऱ्याचे आले म्हणून मान खाली घालायचे कारण नाही. देवाला बहुधा माणसांचेच हात वापरायची सवय आहे.

आमच्या मंडळीत सुगीनंतर कापणीचा सण असतो. त्या दिवशी चर्चमध्ये फुलांपेक्षा भोपळेच जास्त! कोणी ज्वारीची कणसे आणते, कोणी गूळ, कोणी अंडी, कोणी पाय बांधलेली कोंबडी, आणि उपदेशाच्या ऐन रंगात कोंबडा हमखास आरवतो. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव होतो. एखादे अंडे कोणी घेते, पुन्हा दान म्हणून देते, ते पुन्हा लिलावात, असे चार-पाच वेळा फिरून एका अंड्याचे कोंबडीएवढे पैसे होतात. लोक हसतात, मुले टाळ्या पिटतात. ती गंमत खरी, पण त्या अंड्याकडे पाहून मला वाटते की बरकत अशीच वाढते, हातातून हातात फिरून.

ह्या फेब्रुवारीत त्या लिलावातली ज्वारीची एक पाटी कोणीतरी घेतली आणि जाऊबाईंच्या दारात ठेवून गेले. मला वाटले, परत जाणार. दोन दिवस ती ओसरीवर तशीच होती. तिसऱ्या दिवशी जाऊबाई आमच्याकडे आल्या. पदराच्या टोकाला काहीतरी बांधलेले. सासूबाईंचा डबा पुढे ओढला, गाठ सोडली आणि मूठभर ज्वारीचे पीठ त्यात टाकले. “दळून आणली,” म्हणाल्या. “आमच्या वाट्याची यातली.” पुढच्या बुधवारी त्या महिला मंडळाला आल्या. भाऊजी अजून अंथरुणावरच आहेत. पोळ्यांची घरेही तेवढीच. जाऊबाई मात्र आता कोणी काही दिले तर घेतात, आणि त्यातले मूठभर काढून ठेवतात.

श्रीमंती वाईट असे मला म्हणायचे नाही. अब्राहाम श्रीमंतच होता, आणि सभेत ज्यांनी बंगल्याची साक्ष दिली त्यांचा बंगला सुखाचा असो. नीतिसूत्रांत आगूर नावाच्या माणसाची एक प्रार्थना आहे. तो देवाजवळ दारिद्र्यही मागत नाही आणि संपत्तीही मागत नाही. फार मिळाले तर देवाला विसरेन आणि काहीच नसले तर चोरी करीन, म्हणून गरजेपुरते अन्न दे, म्हणतो. संसारी बाईने रोज म्हणावी अशी ही प्रार्थना आहे.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी सांगते. कुठल्याही धर्माच्या घरात चालतील. रात्री वहीत ‘आज काय आले’ एवढी एक ओळ लिहावी. धान्याची एक मूठ बाजूला काढावी, आणि ती कोणाकडे जाते ह्याचा गवगवा करू नये. शेताची कड नसली तरी आपल्या व्यवहाराला एक कड ठेवावी. भाजीवालीशी शेवटच्या दोन रुपयांसाठी घासाघीस न करणे, हीही कड सोडणेच आहे. आणि कोणी प्रेमाने काही दिले तर “कशाला उगीच?” म्हणण्याऐवजी “देव बरे करो” म्हणून दोन्ही हातांनी घ्यावे.

आणि हो, दुःखात असलेल्या बाईला “तुझे काय चुकले असेल गं?” असे कधी म्हणू नये. तिच्या हातातले ओझे आधी घ्यावे. तिच्या घरी बरकत पोहोचायची वाट कदाचित आपल्याच दारावरून जात असेल.